फाटा फुटल्यानंतर

दोघा भावांची वाटणी झाली म्हणजे एकाकडे विहीर जाते, दुसऱ्याकडे गोठा जातो. भांडीकुंडी मोजून घेतली जातात, आणि मग ‘मला कमी आलं’ म्हणून जो तंटा सुरू होतो तो पुढच्या पिढीलाही पुरतो. वाटणीत कमीजास्त झाले म्हणून भांडण होते, असा आपला सर्वसाधारण समज आहे आणि तो खोटाही नाही. परंतु आज मी आपल्याला एका अशा वाटणीची हकीकत सांगणार आहे की, जिच्यात दोन्ही पक्षांना सगळेच्या सगळे मिळाले. कोणाची दमडी कमी झाली नाही. उलट, ज्याच्यापाशी दहा नाणी होती त्याच्यापाशी दुसऱ्या दिवशी जुनी दहा आणि नवी दहा अशी वीस झाली. आणि तरीही जे भांडण पेटले ते वर्षानुवर्षे विझले नाही. असे का व्हावे?

ही वाटणी झाली १ ऑगस्ट २०१७ रोजी, बिटकॉइन या क्रिप्टोकरन्सीची. ही नाणी घ्यावीत की घेऊ नयेत, हा आजचा विषय नव्हे; तो सल्ला देण्याचा माझा अधिकारही नाही. मला त्या यंत्रांपेक्षा यंत्रांमागच्या माणसांबद्दल कुतूहल आहे. ज्यांनी ‘आमच्यावर कोणी राजा नको, कोणी पंच नको’ असे म्हणून एक संस्था उभी केली, त्यांच्यात मतभेद झाला तेव्हा त्यांनी काय केले? आणि वेगळे झाल्यावर तरी ते सुखी झाले का?

प्रथम बिटकॉइन म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. हे नाव खरे की टोपण, ती व्यक्ती एक की अनेक, हे आजवर निश्चित झालेले नाही. बँक मध्ये न घेता एकाने दुसऱ्याला थेट पैसे कसे पोचते करावेत, याची युक्ती त्या निबंधात होती, आणि ३ जानेवारी २००९ रोजी ती प्रत्यक्षात आली. युक्तीचे मर्म असे की, साऱ्या व्यवहारांची एकच खतावणी ठेवायची. पण ती एका मुनीमाच्या ताब्यात न देता हजारो संगणकांवर तिच्या हुबेहूब नकला ठेवायच्या. सुमारे दर दहा मिनिटांनी या खतावणीला एक नवे पान जोडले जाते. त्या पानाला म्हणतात ब्लॉक. पान जोडण्याचा मान मिळावा म्हणून मायनर, म्हणजे शक्तिमान यंत्रे बाळगणारी मंडळी, आपसांत एक गणिती शर्यत लावतात. जो जिंकेल त्याला नवी नाणी आणि व्यवहारांवरचे शुल्क मिळते. एकंदर नाणी २ कोटी १० लाखांपेक्षा अधिक कधीच निघणार नाहीत, असा दंडक आरंभीच घालून ठेवलेला आहे.

आता भांडणाचे मूळ पाहा. ते अगदी लहान आहे. २०१० साली नाकामोतोंनी या पानाच्या आकाराला एक मर्यादा घातली, ती १ मेगाबाइटची. त्या वेळी व्यवहार इतके थोडे होते की, ही मर्यादा कोणाला जाणवलीही नाही. पुढे गरज पडल्यास ती कशी वाढवता येईल, हेही त्यांनी त्याच वर्षी एका टिपणात सुचवून ठेवले होते. पण ती वाढवण्यापूर्वीच, २०११ साली, ते या कामातून कायमचे निघून गेले. घरातला कर्ता माणूस मृत्युपत्र न करता निघून जावा, आणि मागे राहिली ती फक्त त्याची काही पत्रे, अशातला हा प्रकार झाला. आपण जाणतोच, अशा घरात पत्रांचे अर्थ लावणारे पुष्कळ निघतात.

बिटकॉइन वापरणारे वाढले तशी पाने भरू लागली. १ मेगाबाइटच्या पानात सेकंदाला सातच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी व्यवहार मावतात. एस.टी.च्या गाडीत जागा थोड्या आणि थांब्यावर उतारू फार झाले, म्हणजे जे होते तेच इथे झाले. फरक एवढाच की, इथे रांग नव्हती, लिलाव होता. जो जास्त शुल्क देईल तो गाडीत आधी चढायचा.

यावर उपाय काय? एक पक्ष म्हणाला, ‘गाडी मोठी करा. पानाचा आकार वाढवा. मूळ निबंधाच्या नावातच रोख पैशाचा उल्लेख आहे. रोख पैसा म्हणजे चहाच्या कपापासून घरभाड्यापर्यंत सगळ्याला चालला पाहिजे. दोन रुपयांच्या वस्तूला वीस रुपये शुल्क पडू लागलं, तर त्याला पैसा कोण म्हणेल?’ दुसरा पक्ष म्हणाला, ‘थांबा. पान मोठं झालं की खतावणी भराभर फुगेल. ती घरच्या साध्या संगणकावर ठेवणं आणि पडताळणं सामान्य माणसाला परवडणार नाही. मग ती राहील चार-दोन मोठ्या कंपन्यांकडे. म्हणजे बँका नकोत म्हणून निघालो, आणि नव्या बँका उभ्या केल्या, असंच व्हायचं! मूळ खतावणी लहान ठेवा, भक्कम ठेवा. किरकोळ देवघेवीसाठी तिच्यावर दुसरा मजला बांधू.’

श्रोतेहो, मला या वादात मोठी रंजक वाटणारी गोष्ट ही की, दोन्ही पक्षांचे म्हणणे बरोबर होते. एकाला स्वस्त व्यवहार हवा होता, दुसऱ्याला स्वतंत्र पडताळणी हवी होती, आणि दोन्ही गोष्टी बिटकॉइनच्या मूळ आश्वासनातच होत्या. पाने रिकामी होती तोवर या दोन आश्वासनांची टक्कर झाली नाही. पाने भरल्यावर झाली. कित्येक चळवळींचे असेच होते. जोवर यश मिळत नाही तोवर सगळे एकत्र असतात. यश दाराशी आले म्हणजे मग कळते की, एकाच घोषणेचे अर्थ आपण वेगवेगळे करीत होतो.

ऑगस्ट २०१५ मध्ये गॅव्हिन अँड्रेसन आणि माइक हर्न या दोन जुन्या कार्यकर्त्यांनी ‘बिटकॉइन एक्सटी’ नावाची सुधारलेली आवृत्ती पुढे केली. अँड्रेसन म्हणजे नाकामोतोंनंतर ज्यांच्या हाती प्रमुखपण आले होते ते गृहस्थ. आकार एकदम ८ मेगाबाइट करावा, पण मायनरांनी जोडलेल्या पानांपैकी ७५ टक्के पाने अनुकूल असतील तरच, अशी त्यांची योजना होती. यावर व्हायला हवी होती चर्चा. पण झाले काय, तर बिटकॉइनवाल्यांच्या सर्वांत मोठ्या चर्चापीठाच्या चालकांनी ठरवले की, सर्वसंमती नसताना नियम बदलणारी आवृत्ती ही बिटकॉइनच नव्हे. सबब तिचा पुरस्कार इथे नको. लिखाण काढून टाकले जाऊ लागले, लिहिणारांना मज्जाव झाला. त्या मंडळींनी वेगळी जागा मांडली. दुसरीकडे, एक्सटी चालवणाऱ्या संगणकांवर निनावी हल्ले होऊन ते बंद पाडण्याचे प्रयत्न झाले.

माझ्या मते खरी फाळणी इथेच झाली. खतावणी फाटली २०१७ साली. पण माणसे फाटली ती २०१५ साली, ज्या दिवशी दोन्ही बाजूंना एकमेकांचे शब्द ऐकू येईनासे झाले त्या दिवशी. एकदा दोन ओट्यांवर दोन बैठका भरू लागल्या की, प्रत्येक बैठकीत आपल्या बाजूचे शहाणे आणि पलीकडचे लबाड, एवढेच काय ते शिल्लक राहते. जानेवारी २०१६ मध्ये हर्न यांनी ‘हा प्रयोग फसला’ असे जाहीर केले, आपली नाणी विकली आणि ते बाहेर पडले.

तडजोडीचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये हाँगकाँगला काही मायनर आणि काही डेव्हलपर, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारे, एकत्र बसले. मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कला ५८ कंपन्यांनी एका करारावर सह्या केल्या. त्यात असे ठरले की, लहान पानवाल्यांची ‘सेगविट’ ही सुधारणा आधी घ्यायची, आणि मग पानाचा आकार २ मेगाबाइट करायचा. अर्धे तुमचे, अर्धे आमचे. व्यवहारात याला आपण शहाणपणा म्हणू. पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रमुख मंडळींनी विचारले, ‘या कंपन्यांना आमच्या वतीनं सह्या करायला सांगितलं कोणी?’ सामान्य वापरणारांतल्या एका गटानेही बजावले की, १ ऑगस्टनंतर आम्ही सेगविट न मानणारी पाने मानणारच नाही, मग मायनर काही म्हणोत.

इथे या संस्थेतली खरी अडचण उघडी पडली. मायनर म्हणत, ‘यंत्रं आमची, वीज आमची, तेव्हा मत आमचं.’ लिहिणारे म्हणत, ‘अक्कल आमची.’ कंपन्या म्हणत, ‘गिऱ्हाईक आमचं.’ आणि वापरणारे म्हणत, ‘आम्ही मानलं तरच ते नाणं, नाही मानलं तर नुसते आकडे.’ चौघांचेही खरे! पण चौघांनी मिळून निर्णय कसा घ्यायचा, हे कुठेच लिहिलेले नव्हते. खतावणीचे नियम लोखंडासारखे पक्के होते. नियम बदलण्याचे नियम मात्र नव्हते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला यावरून घटनादुरुस्तीचे कलम आठवल्यावाचून राहत नाही. ज्या घटनेत दुरुस्तीची वाट आखलेली नसते, तिच्यात दुरुस्तीची वेळ आली की बंडाचीच वेळ येते.

आणि ते बंड झाले. १ ऑगस्ट २०१७ रोजी ४,७८,५५८ क्रमांकाच्या पानापर्यंत खतावणी एकच होती. त्यानंतर मोठ्या पानवाल्यांनी ८ मेगाबाइटची मर्यादा घेऊन आपले वेगळे पान जोडले. रस्त्याला फाटा फुटावा तसा खतावणीला फाटा फुटला. इंग्रजीत यालाच फोर्क म्हणतात, आणि आपला ‘फाटा’ हा शब्द त्याला काय चपखल बसतो, पाहा! फाट्यापर्यंतचा रस्ता दोघांचा. पुढे ज्याची त्याची वाट. नव्या नाण्याचे नाव ठेवले ‘बिटकॉइन कॅश’. तोवर निघालेली सुमारे १ कोटी ६५ लाख नाणी दोन्ही खतावण्यांत जशीच्या तशी होती, म्हणून प्रत्येक मालकाला दोन्हीकडे सारखाच वाटा मिळाला.

तुम्ही म्हणाल, ‘मग झालं की! ज्याला मोठं पान हवं त्यानं ते घ्यावं, ज्याला लहान हवं त्यानं ते ठेवावं.’ कागदावर हे अगदी खरे आहे. यापेक्षा अहिंसक वाटणी जगाच्या इतिहासात क्वचितच झाली असेल. पण एक गोष्ट अशी होती की, तिची नक्कल करता येत नव्हती. ती म्हणजे नाव.

खतावणी दोघांना मिळाली, नाणी दोघांना मिळाली, पण ‘बिटकॉइन’ हे नाव एकच, आणि जग विचारणार, ‘खरं कोणतं?’ मोठ्या पानवाले म्हणत, ‘नाकामोतोंच्या निबंधाला धरून आम्ही आहोत, तेव्हा खरे बिटकॉइन आमचं, तुमचं ते नुसतं बिटकॉइन कोअर.’ कोअर हे मूळ सॉफ्टवेअरचे नाव. उलट बाजूचे लोक नव्या नाण्यातला ‘बिटकॉइन’ हा शब्दच गाळून त्याला मुद्दाम ‘बीकॅश’ म्हणत, आणि ते नाव घेतले की नव्या मंडळींच्या अंगाचा तिळपापड होई. आपल्याकडे भावकीत एकमेकांचा उल्लेख नावाने न करता ‘पलीकडचे’ म्हणून करतात, त्यातलाच हा मासला.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता, बरं का. रॉजर व्हेर हे मोठ्या पानांचे एक प्रमुख पुरस्कर्ते. बिटकॉइन डॉट कॉम हा पत्ता त्यांच्या हाती होता. २०१८ मध्ये तिथे बिटकॉइन कॅश हेच खरे बिटकॉइन, अशा रीतीने मांडणी होऊ लागली. तेव्हा नवखी माणसे भलतेच नाणे विकत घेऊन फसतात, अशा तक्रारी झाल्या आणि कोर्टात जाण्याची भाषाही निघाली. तात्त्विक वाद करणारांना हा फरक तोंडपाठ होता. ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच हे नाणे घ्यायचे ठरवले, त्या बिचाऱ्याला तो कुठून कळणार? भाऊ भांडतात आणि पाहुणा उपाशी राहतो, तशातली गत.

वाटणीनंतरचे पहिले काही महिने तर मोठे चमत्कारिक होते. दोन्ही नाण्यांची शर्यत एकाच प्रकारच्या यंत्रांवर चालत असल्यामुळे मायनर आज इकडे, उद्या तिकडे, असे करू लागले. जिथे नफा अधिक तिथे यंत्रे वळत. नव्या नाण्याने अडचणीच्या काळासाठी शर्यत एकदम सोपी करण्याची एक सोय ठेवली होती. तिचा फायदा घेऊन कधी त्याची पाने भराभर निघत, तर कधी तासन्‌तास एकही निघत नसे. निष्ठेच्या गोष्टी व्यासपीठावर चालल्या होत्या. यंत्रे मात्र नफ्याकडे तोंड करून बसली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या करारातला उरलेला भाग, म्हणजे २ मेगाबाइटचे पान, पुरेशी सहमती नाही म्हणून त्याच्याच पुरस्कर्त्यांनी मागे घेतला. त्यासरशी पुष्कळ यंत्रे काही दिवस नव्या नाण्याकडे धावली आणि जुन्या बिटकॉइनचे व्यवहार रखडले. दोन्ही छावण्यांत त्या आठवड्यात जयजयकार आणि शिव्याशाप यांचा नुसता गदारोळ उडाला.

डिसेंबर २०१७ मध्ये जुन्या बिटकॉइनच्या एका व्यवहाराचे सरासरी शुल्क ५० डॉलरच्या वर गेले. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या मोठ्या दुकानाने याच महिन्यात, शुल्क फार झाले म्हणून, बिटकॉइन घेणे बंद केले. म्हणजे मोठ्या पानवाल्यांचे भाकीत खरे ठरले, नाही का? ठरले. परंतु गिऱ्हाईक त्यांच्या दुकानी गेले नाही. त्यांच्या मोठ्या गाड्या पुढे बहुतेक रिकाम्याच धावत राहिल्या, आणि २०२४ च्या अखेरीस त्यांच्या नाण्याचा भाव जुन्याच्या भावाच्या एका टक्क्याहूनही कमी होता. दुसऱ्या पक्षाचा तो वरचा मजला, ‘लाइटनिंग’ नावाचा, २०१८ पासून उभा राहिला खरा. पण बिटकॉइनने चहाचे पैसे देण्याची सर्वसाधारण रीत पडली, असेही झाले नाही. लोक ते नाणे खर्च करण्यापेक्षा सोन्यासारखे साठवूनच ठेवू लागले. एका पक्षाचे निदान बरोबर आणि औषध लागू पडले नाही. दुसऱ्याचे पथ्य बरोबर आणि भूक मात्र भागली नाही. अशा वेळी ‘मी म्हणत होतो ना!’ असे म्हणण्याची सोय दोघांनाही राहते, आणि म्हणून भांडण कधी संपत नाही.

आता याच्या शेजारीच दुसरे एक उदाहरण ठेवून पाहू, म्हणजे नावाचा प्रश्न अधिक उलगडेल. ईथरियम नावाचे दुसरे मोठे क्रिप्टोचलन आहे. त्यावर २०१६ मध्ये ‘द डाओ’ नावाचा एक सामायिक निधी उभा राहिला. व्यवस्थापक नाही, संचालक नाही, सगळा कारभार सॉफ्टवेअरच्या कलमांनी चालायचा. सुमारे १५ कोटी डॉलर जमले. १७ जून २०१६ रोजी त्या कलमांतल्या एका चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी ३६ लाख ईथर स्वतःकडे वळवून घेतले. मात्र काही दिवस लोटेपर्यंत ते बाहेर काढता येणार नव्हते, आणि म्हणून वाद घालायला वेळ मिळाला.

वाद कसला, तर खतावणी दुरुस्त करून चोरी रद्द करावी की करू नये. बहुसंख्य म्हणाले, ‘उघडउघड चोरी झाली आहे, हजारो लोकांचा पैसा आहे, करा दुरुस्त.’ अल्पसंख्य म्हणाले, ‘कलमं हाच कायदा, असं आपणच सांगत होतो. आज चोरासाठी खतावणी खोडली, उद्या कोणासाठी खोडाल?’ २० जुलै २०१६ रोजी, १९,२०,००० क्रमांकाच्या पानापाशी, बहुसंख्यांनी नियम बदलला आणि पैसा मूळ मालकांना परत मिळण्याची वाट केली. ज्यांना ते पटले नाही त्यांनी जुनीच खतावणी, चोरीच्या नोंदीसकट, पुढे चालू ठेवली. तिचे नाव पडले ‘ईथरियम क्लासिक’.

पाहा आता गंमत. बिटकॉइनमध्ये ज्यांनी नियम बदलला नाही त्यांच्याकडे मूळ नाव राहिले; ज्यांनी बदलला त्यांना आडनाव लावावे लागले. ईथरियममध्ये ज्यांनी नियम बदलला ते मूळ नावाचे धनी झाले. आणि ज्यांनी जुने एक अक्षरही बदलले नाही त्यांना ‘क्लासिक’ हे शेपूट लागले. मग नाव मिळते ते कशाने? जुन्याशी प्रामाणिक राहिल्याने? मूळ पुरुषाच्या शब्दाने? छे! नाव मिळते ते अधिक लोक ज्याला त्या नावाने हाक मारतात त्याला. म्हणजे ज्या मंडळींनी ‘आम्ही माणसांवर विश्वास ठेवत नाही, गणितावर ठेवतो’ असे सांगितले, त्यांचा सर्वांत मोठा प्रश्न शेवटी माणसांच्या बोलण्याचालण्यानेच सोडवला. गणित खतावणी बिनचूक ठेवू शकते. दोन बिनचूक खतावण्यांपैकी आपली कोणती, हे मात्र गणित सांगत नाही.

बरे, जे वेगळे झाले त्यांच्यात तरी एकी राहिली का? नाही राहिली. बिटकॉइन कॅशने मे २०१८ मध्ये पानाची मर्यादा ३२ मेगाबाइट केली. त्याच वर्षी त्यांच्यातलाच एक गट म्हणू लागला की, १२८ मेगाबाइट हवेत. या गटाचे पुढारी क्रेग राइट. नाकामोतो तो मीच, असा त्यांचा दावा. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी दुसरा फाटा फुटला आणि या वेळी तर यंत्रांच्या बळावर एकमेकांना नमवण्याची भाषा झाली. वर्तमानपत्रांनी त्याला युद्धच म्हटले. भाड्याने यंत्रे आणून दोन्ही बाजू पाण्यासारखा पैसा ओतत होत्या. शेवटी हा गट ‘बिटकॉइन एसव्ही’ या नावाने अलग झाला. राइट यांच्या दाव्याचा निकाल पुढे लंडनच्या उच्च न्यायालयात लागला. मार्च २०२४ मध्ये न्यायमूर्ती मेलर यांनी ते नाकामोतो नव्हेत असा निर्णय दिला. ‘पंच नको’ म्हणून निघालेल्या या घराण्यातला वारसाहक्काचा वाद अखेर सरकारी कोर्टातच गेला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये बिटकॉइन कॅशला आणखी एक फाटा फुटला. सॉफ्टवेअर लिहिणारांचा खर्च भागवण्यासाठी नव्या नाण्यांतला आठ टक्के हिस्सा बाजूला काढावा की नाही, हे त्याचे कारण.

आल्बर्ट हिर्शमन नावाचे एक थोर अर्थशास्त्रज्ञ होऊन गेले. १९७० साली त्यांनी ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हा लहानसा ग्रंथ लिहिला. संस्था बिघडू लागली म्हणजे माणसापुढे दोन मार्ग असतात, असे त्यांचे म्हणणे. एक, तोंड उघडून बोलणे, आणि दुसरा, उठून चालू लागणे. उठून जाणे फार सोपे झाले की बोलण्याची सवय मरते. आणि ‘ही संस्था माझी आहे’ ही निष्ठा असेल, तरच माणूस चार दिवस थांबून बोलत राहतो. या दृष्टीने आपल्या हकीकतीकडे पाहिले की पुष्कळसा उलगडा होतो. क्रिप्टोच्या जगात उठून जाणे जितके सोपे आहे तितके दुसरीकडे कुठेही नसेल. खतावणीची नक्कल करा, एक आकडा बदला, निघाला तुमचा वेगळा संसार! ही सोय म्हणजे स्वातंत्र्याची हमी, असे पुष्कळांना वाटते. आणि एका अर्थी ती आहेच. बहुमताच्या जुलमाखाली कोणाला दबून राहावे लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. ईथरियम क्लासिकवाल्यांना आपले तत्त्व सोडावे लागले नाही. ते आपल्या खतावणीसह वेगळे राहू शकले.

परंतु त्याची किंमतही त्यांनी मोजली. २०१९ आणि २०२० मध्ये, यंत्रबळ थोडे म्हणून, त्यांच्या खतावणीवर बाहेरच्यांनी कब्जा मिळवून व्यवहार उलटवले. खतावणीची सुरक्षितता ती राखणारांच्या संख्येत आणि बळात असते. संसार निम्मा झाला की दाराची कडीही निम्मीच मजबूत राहते. शिवाय प्रत्येक फाट्याबरोबर थोडी माणसे कायमची दुरावली. वर्षानुवर्षे खांद्याला खांदा लावून, बहुतेक वेळा एक पैसा न घेता, ज्यांनी हे काम उभे केले ती माणसे एकमेकांना लबाड, विकले गेलेले, अशी विशेषणे लावू लागली. हा तोटा कोणत्याही खतावणीत मांडलेला नाही. बाजारात भाव निघतो तो नाण्याचा. तुटलेल्या मैत्रीचा भाव कोण काढणार?

आणखी एक बारीक गोष्ट. ज्याच्याजवळ दोन्ही नाणी आली त्याला खरे म्हणजे कोणाची बाजू घेण्याचे कारण नव्हते. दोन्ही ठेवली असती तर कोणतीही जिंकली तरी त्याचे भागले असते. पण बऱ्याच जणांनी पलीकडची नाणी तावातावाने विकून आपल्याकडची घेतली, आणि मग आपला निर्णय योग्य होता हे स्वतःलाच पटवण्यासाठी ते अधिकच मोठ्याने बोलू लागले. पैसा आणि मत एकाच खुंटीला बांधले की असे होते. प्रतिपक्षाचा मुद्दा मान्य करणे म्हणजे आपल्याच नाण्याचा भाव पाडणे, अशी भीती मनात बसते. ज्या सभेत प्रत्येकाच्या मताला बाजारभाव चिकटलेला असतो, त्या सभेत ‘तुमचं हे म्हणणं बरोबर आहे’ हे वाक्य ऐकू येणे फार कठीण.

ही हकीकत दूरदेशीची असली, तरी तिच्यातून निघणारा धडा कोणत्याही मंडळाला, सोसायटीला, पक्षाला लागू पडतो. संस्था काढताना उद्देश लिहितात, वर्गणी लिहितात. मतभेद झाल्यास निर्णय कसा घ्यायचा, हे लिहायला मात्र लाजतात. आरंभीच भांडणाची गोष्ट कशाला, असे वाटते. वस्तुतः ते लिहिण्याची वेळ तीच असते, कारण तेव्हा पाने रिकामी असतात आणि मने मोकळी असतात. दुसरे, वाद कितीही विकोपाला जावो, दोन्ही बाजूंना एकमेकांचे ऐकू येईल अशी एक तरी सामायिक ओसरी शाबूत ठेवावी. ओसरी गेली म्हणजे घर गेलेच समजा, मग भिंत केव्हा का पडेना. आणि तिसरे, वेगळे व्हायचेच झाले तर नावाचा निर्णय आधी करावा. जमिनीची वाटणी मोजणीदार करून देतो, नाण्यांची यंत्रे करून देतात. नावाची वाटणी करून देणारे यंत्र अजून कोणी काढलेले नाही. ती समजुतीनेच करावी लागते, आणि समजूत ही एकच गोष्ट अशी आहे की, तिची नक्कल करून दोघांना वाटून देता येत नाही. ती दोघांनी मिळूनच काढावी लागते.